गोळीवाटप समारंभ

दोष पन्ह्याचा नव्हता. दोष तुमचा होता, आणि तो तुम्हाला त्याच दिवशी दुपारी कळला होता. तरी अहवालात तुम्ही काय लिहिलंत? "स्थानिक महिलांनी दिलेल्या नियमबाह्य पेयांमुळे." कैरी उकडून, गूळ घालून, वेलदोडा कुटून केलेल्या पन्ह्याला तुम्ही नियमबाह्य पेय म्हणालात. ज्या बाईनं ते दिलं ती तेव्हापासून दारी आलेल्याला पाण्याचा पेला द्यायलाही भिते. आणि तुम्ही पुढच्या वैशाखातल्या शर्यतीचे फलक लावून मोकळे झालात.

तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला माहीत आहे. नाव घेतलं तर तुम्ही कोर्टात जाल आणि गोष्ट बाजूला राहील. तेव्हा नाव राहू द्या, गोष्ट ऐका.

कांचन शेजवळ ही सातमाळ्याच्या डोंगरातल्या पिंपरदऱ्याची सून. माहेर नाशिकचं. लग्नात तिच्या भावानं रुखवतासोबत तिची जुनी डोंगरी सायकल टेम्पोत घालून पाठवली, तेव्हा सगळं गाव हसलं. हसली नाही ती एकटी नणंद, हेमांगी. ती तेव्हा शाळेत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं ती सायकल न विचारता बाहेर काढली आणि थेट ओढ्यात घातली. ढोपर फुटलेलं, तोंडात माती, आणि वर म्हणते कशी, "वहिनी, ब्रेक कुठाय ते सांगितलंच नाहीस ना तू!" तिथून दोघींचं जे जमलं ते असं जमलं, की दिगंबर, म्हणजे एकीचा नवरा आणि दुसरीचा भाऊ, पाहुण्यांना सांगायचा, "या घरात मी भाड्यानं राहतो."

आता उन्हाळ्याचं. हल्ली तो कसा पडतो ते कुणाला सांगायला नको. होळीच्या आधीच पंख्याचं वारं तोंड भाजतं, आणि वैशाखात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. अशा दिवसांत डोंगरातून सायकलींची शर्यत घ्यायची ही अक्कल तुमची. हिवाळ्यात साऱ्या जगाच्या शर्यती असतात, तिथं आपल्याला कोण विचारतो? उन्हाळा मोकळा होता. आणि उन्हावर उतारा तुमच्या हाती लागला होता. त्याचं नाव शीतकंठ.

हे यंत्र काय आहे ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण सगळी मेख तिथं आहे. आपल्या मेंदूत उष्णतेचा एक पहारेकरी बसलेला असतो. अंग तापायला लागलं की तो पायातली ताकद काढून घेतो, घशाला कोरड पाडतो, जीव नकोसा करतो. आपण त्याला थकवा म्हणतो. तो थकवा नव्हे, ती राखण. माणूस सावलीत जाऊन बसावा म्हणून केलेली सोय. हा पहारेकरी भोळा मात्र आहे. मानेला गार लागलं की त्याला वाटतं, सगळं आलबेल आहे. मानेवर बर्फाचा रुमाल टाकलेला धावपटू जास्त वेळ पळतो, पण त्याच्या पोटातली आग कणभरही कमी झालेली नसते, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. शीतकंठानं तीच युक्ती टोकाला नेली. गळ्यात बसणारा पट्टा, त्यात गार पत्रा, आणि मानेतल्या नसांना सतत जाणारा बारीक विद्युतप्रवाह. मेंदूला एकच निरोप: थंड आहे, थंड आहे. पहारेकरी गाढ झोपतो.

मग जागं कोण राहणार? त्यासाठी गोळी. शेंगदाण्याएवढी, आत तापमापक आणि छोटासा रेडिओ. गिळली की ती आतड्यातून पोटाचा आकडा बाहेर पाठवते. तो आकडा नियंत्रण कक्षात दिसतो, स्पर्धकाच्या हँडलवर त्याचा नुसता दिवा दिसतो: हिरवा, पिवळा, लाल. आकडा वर गेला की कक्षातून पट्टा बंद करायचा. बंद झाला की झोपलेला पहारेकरी एकदम खडबडून उठतो आणि माणूस मटकन खाली बसतो. कागदावर झकास. शुद्धीवर राहायचं काम फक्त स्वतःकडून काढून तुमच्या वातानुकूलित तंबूकडे दिलेलं.

शर्यतीआधी पुण्याला झालेल्या शिबिरात तुमच्याच डॉ. नीलोफर काझींनी सगळ्या स्पर्धकांना बजावून सांगितलं होतं. "गोळी आदल्या रात्री जेवणानंतर घ्यायची. सकाळी घ्याल तर ती जठरातच असेल. मग तुम्ही वरून गार काही प्यालात की ती त्या गाराचं तापमान सांगणार, तुमचं नाही. भात शिजला का बघायला माणसानं शेजारच्या माठात बोट घालावं, तसं होईल ते." सगळे हसले होते. कांचनसोबत जोडीनं नाव दिलेली हेमांगी सगळ्यात मोठ्यांदा.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी कांचन मुक्कामाच्या शाळेत गवारेंकडे गेली. गवारे म्हणजे तुमचे मुख्य संयोजक. ते हारांची मोजदाद करत होते.

"सर, गोळ्या?"

"उद्या."

"उद्या कशा? आज रात्री घ्यायच्यात ना."

"ताई, उद्या गोळीवाटप समारंभ आहे. साहेबांच्या हस्ते. पत्रिकेत छापलंय."

"गोळी आहे का नारळ, हस्ते फोडायला?"

गवारे हसले. असे हसणारे लोक फार वाईट. त्यांच्यावर धड चिडताही येत नाही. "बॉक्स सीलबंद आहे हो. आत्ता फोडला तर उद्या स्टेजवर काय वाटू, शेंगदाणे?"

"डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं…"

"त्यांना मी बोललोय. एवढ्या-तेवढ्यानं काही होत नाही." ते डॉक्टरबाईंशी बोललेच नव्हते, हे पुढं कळलं. "आणि एवढ्या स्पर्धकांत तुम्हालाच तेवढी अडचण कशी? झोपा आता. सकाळी फ्रेश दिसायचंय, लाइव्ह आहे."

कांचन खोलीत येऊन धुसफुसत बसली. हेमांगी अंथरुणावर पालथी पडून पाय हलवत होती. तिच्यासाठी ही शर्यत म्हणजे सगळं काही होतं. पहिल्या तीन जोड्यांतून राष्ट्रीय संघ निवडला जाणार होता. कांचनचं वय सरत आलं होतं. हेमांगीचं आत्ता उमललं होतं.

"वहिनी, तू कुठल्याही लग्नात भटजीशी भांडशील," ती म्हणाली. "सगळ्यांनाच सकाळी मिळणार ना गोळी? मग सगळे सारखेच."

सकाळी सहाला सुटायची शर्यत. साहेब आले नऊच्या पुढं. तोवर स्पर्धक उन्हात उभे, आणि मंडपाची सावली फक्त स्टेजला. मग शाल, श्रीफळ, प्रास्ताविक. साहेबांनी झेंडूच्या पाकळ्या पसरलेल्या ताटातून एकेक गोळी उचलून हातावर ठेवली. "उन्हावर मात करणारी ही माझ्या महाराष्ट्राची लेक," वगैरे. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, जरा इकडं बघून गिळा. हां, परत एकदा."

"परत कशी? गेली पोटात," हेमांगी म्हणाली.

"मग नुसती ॲक्शन करा."

तिनं रिकामी चिमूट तोंडात टाकली आणि डोळे मिटून तीर्थ प्यायल्यासारखं केलं. सगळा मंडप हसला. तो फोटो अजून तुमच्या फलकावर आहे.

शर्यत सुटली तेव्हा खडक तापायला लागले होते. पण खरं सांगायचं तर कांचनला पहिला तासभर स्वर्ग वाटला. पट्टा चालू झाला आणि मानेतून पौषातल्या पहाटेसारखा गारवा उतरला. डोळ्यांना ऊन दिसत होतं, अंगाला लागत नव्हतं. पळसाची झाडं पानं गाळून उभी, टायरखाली मुरूम कुरकुरतोय, आणि आपण जणू कुणा दुसऱ्याच्या शर्यतीत. पुढं हेमांगी, मागं कांचन. नियम असा की जोडीनं एकमेकींच्या नजरेत राहायचं. एक बाद तर दोघी बाद.

पाण्याची अधिकृत ठाणी तीन होती. पहिल्यावरच्या टाकीतलं पाणी असं तापलेलं, की त्यात नुसती चहापत्ती टाकायची बाकी. दुसऱ्या ठाण्यावर माणूसच नव्हता. तो साहेबांच्या जेवणाकडं गेलेला.

गावं मात्र जागी होती. आपल्याकडं वैशाखात वाटसरू दारावरून कोरडा जाऊ देत नाहीत, आणि इथं तर आपल्या डोंगरातल्या दोन बाया शर्यतीत. शिवाय गावागावांत चढाओढ. बचत गटांना सौर फ्रीझर मिळालेले. खालच्या वाडीनं पन्ह्यात बर्फ टाकला हे कळल्यावर वरच्या वाडीनं बर्फात पन्हं टाकलं. हेमांगी प्रत्येक ठिकाणी थांबली, घटाघट प्याली, हात पुसत निघाली. कांचनचं पोट नाजूक, सायकलवर काही आंबटगोड प्यालं की कळा यायच्या. ती पाणीच तेवढं डोक्यावर ओतून घ्यायची आणि कोमट घोट घ्यायची.

टाकळदऱ्याला यमुनाआत्या रस्त्याच्या मधोमध उभी होती. दिगंबर आणि हेमांगीची सख्खी आत्या. कळशी कडेवर, हातात तांब्या.

"थांब गं भवाने! आत्याच्या दारावरून पळू राहिली."

"आत्या, शर्यत आहे!"

"असू दे. शर्यतीला काय घसा नसतो?" तांब्याला बाहेरून दव आलेलं. हेमांगीनं एक रिचवला, आत्यानं दुसरा भरला. "आणि ही बघा नाशकाची राणी. पन्हं चालत नाही हिला."

"आत्याबाई, येताना पिते. कळशीभर ठेवा," कांचन म्हणाली. आत्या हसली. सगळं इतकं चांगलं होतं.

टाकळदऱ्याच्या पुढं खडा चढ लागतो. तिथं कांचनच्या हँडलवरचा दिवा पिवळा झाला. कानात नियंत्रण कक्षाचा आवाज आला. "जोडी चौदा, मागची सायकल. वेग कमी करा. तुमचं तापमान वाढतंय."

"आणि हेमांगीचं?"

"उत्तम आहे. हिरवा."

हेमांगीनं ते ऐकलं. जोडीच्या कानात एकच वाहिनी असते. ती मागं वळून म्हणाली, "वहिनी, म्हातारी झालीस गं तू!"

"तू माझ्यापेक्षा जोरात चालवू राहिलीस, हेमा. तुझा हिरवा कसा?"

"तरुण रक्त."

"गंमत सोड. सावकाश घे."

"आता नाही. चौथ्या नंबरला आहोत आपण. तिसरी जोडी दिसतेय समोर." आणि मग, पेडलवर उभी राहत, अगदी वेगळ्या आवाजात, "तुला नको असेल संघ. मला पाहिजे."

ते लागलं. कांचन पाय मारत राहिली. अर्धा चढ सरला आणि तिचा दिवा लाल झाला. पट्टा बंद होताना बारीकसा टक् असा आवाज होतो.

मग जे आलं ते ऊन नव्हतं. भट्टीचं दार कुणीतरी तिच्या छातीत उघडलं होतं. कानशिलं ठोकायला लागली, हात हँडलवरून सुटले, ती सायकलसकट मुरमात बसली. तोंडात पितळेची चव. हे सगळं गेला तासभर आपल्या अंगात होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, एवढाच विचार डोक्यात आला. त्याच्या मागोमाग दुसरा. माझ्यात एवढं आहे, तर माझ्यापुढं जोरानं चढणाऱ्या पोरीत किती असेल? आणि लगेच तिसरा, सरळ पुण्याच्या शिबिरातून चालत आलेला. गोळी. सकाळची गोळी. बर्फाचं पन्हं.

तिनं हेमांगीला थांब म्हणून हाका मारल्या, ती ऐकेना; मग तिनं कक्षाशी बोलायचं कानातलं बटण दाबलं. "कक्ष, हेमांगीचा पट्टा बंद करा."

"कारण?"

"तिची गोळी जठरात आहे. ती पन्ह्याचं तापमान सांगू राहिली. तिचं नाही!"

पलीकडं कुजबुज झाली. "ताई, रीडिंग हिरवं आहे. तुम्ही लाल आहात. उष्णतेनं गोंधळ होतो माणसाचा. तुम्ही सावलीत बसा, गाडी पाठवतो."

"मी शुद्धीत आहे! तुमच्या डॉक्टरबाईंना विचारा."

"त्या आज नाहीत. हे बघा, तुम्ही बाद होताय म्हणून जोडीदाराला थांबवता येत नाही. दोघी बाद होणार की नाही, ते आम्ही ठरवू."

आता सांगा, ह्या वाक्याला काय म्हणायचं? एक बाई ओरडून सांगते की पोरगी मरतेय, आणि तुम्हाला त्यात मत्सर दिसतो!

कांचन उठली. सायकल तिथंच टाकली. त्या उन्हात, पट्टा नसताना, धडपडत, हातांनी खडक धरत ती चढ चढली. चढाच्या माथ्यावर हेमांगी उभी होती. सायकल आडवी पडलेली. ती दोन्ही हातांनी स्वतःचे दंड चोळत होती.

"वहिनी," ती हसून म्हणाली, "थंडी वाजू राहिली गं. आईची शाल दे ना."

आई जाऊन वर्षं लोटली होती.

तिच्या हँडलवर दिवा हिरवागार.

कांचननं तिच्या पाठीला हात लावला आणि चटकन मागं घेतला. पट्टा कापला की जोडी जागच्या जागी बाद, वर पाच वर्षं बंदी, हे दोघींनी सही करून मान्य केलेलं. तिनं हत्यारांच्या पाकिटातली सुरी काढली. हेमांगीनं तिचा हात धरला, ढकललं, शिवी दिली, रडली. "तू माझं वाटोळं करू राहिलीस!" कांचननं गुडघ्यानं तिला दाबून धरलं आणि पट्टा कापला.

हेमांगी जी किंचाळली, ती खालच्या टाकळदऱ्यात ऐकू गेली. मग ती निपचित पडली.

तुमची रुग्णवाहिका साहेबांच्या गाडीमागं होती. आल्या त्या बाया. यमुनाआत्या सगळ्यांत पुढं, अनवाणी. "पाण्यात," कांचन म्हणाली, "गार पाण्यात बुडवा, मानेपर्यंत." बायांनी पोरीला उचलून उतरवलं, गुरांच्या हौदात घातलं, आणि फ्रीझरमधला होता नव्हता तेवढा बर्फ त्यात ओतला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, ती जगली ती त्या हौदामुळं. हेही तुमच्या अहवालात नाही.

जगली. पण मेंदूच्या मागच्या बाजूला, तोल सांभाळणारा जो भाग असतो, तो उष्णतेला सगळ्यात आधी बळी पडतो. हेमांगी आता भिंत धरून चालते. शब्द एकेक करून, जड जिभेनं येतात. सायकल ओसरीत टांगलेली आहे. दिगंबर ती विकायला निघाला तेव्हा हेमांगीनं भिंतीवरचा हात सोडला आणि त्याला अडवायला गेली, नि पडली. त्यानं पुन्हा विषय काढला नाही. कांचनशी तो चार महिने धड बोलला नाही. एकदा म्हणाला, "तू मागं होतीस ना? तुला दिसत होतं ना?" तिला दिसत होतं. तिला लागत नव्हतं. जाणीवच तुम्ही काढून घेतलेली असताना बघणारा काय बघणार, हे नवऱ्याला कसं समजावायचं?

अहवाल आला. यमुनाआत्याला नोटीस आली. तिनं ती कुणाकडून तरी वाचून घेतली आणि तेव्हापासून एकच धरून बसली: "माझ्याच हातानं दिलं गं. दुसरा तांब्या मी भरला."

"आत्याबाई, पन्ह्यानं काही झालं नाही."

"सरकारी कागद खोटं बोलतो का?"

ह्यावर कांचननं तक्रार केली. म्हणून तुम्ही सुनावणी लावलीत. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मध्ये अध्यक्ष. अध्यक्ष सज्जन आवाजात म्हणाले, "कांचनताई, तुमचं दुःख आम्ही समजतो. बंदी उठवू आपण. हेमांगीच्या उपचारांचंही बघू. पुढच्या संघात मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव आहे. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की बाहेरचं पेय घेऊ नये हा नियम तुम्हाला माहीत होता."

"माहीत होता."

"झालं तर मग."

"गोळी रात्री घ्यायची, हा नियम तुम्हाला माहीत होता का?"

गवारेंनी कागद सारखे केले. अध्यक्ष म्हणाले, "ते तांत्रिक आहे."

"मी तुमच्या कक्षाला सांगितलं होतं. आवाज ध्वनिमुद्रित झालाय ना? लावा."

"इथं प्रश्न समितीनं विचारायचे असतात, ताई."

"समितीनं सहा महिन्यांत एकही विचारला नाही, म्हणून मी विचारते." कांचनचा आवाज चढला नाही, चढायचा तेवढा त्या माथ्यावर चढून झाला होता. "मला संघ नको. बंदी ठेवा. आत्याबाई बाहेर बाकावर बसल्यात. येत नव्हत्या, ओढून आणलंय. तुमच्यातल्या एकानं फक्त उठायचं, दार उघडायचं, आणि त्यांच्याकडं बघून सांगायचं: पोरगी कुणामुळं गेली कामातून? तुमच्यामुळं का त्यांच्यामुळं? त्या म्हणतील ते मी ऐकेन. पण तुम्ही सांगा. तोंडानं."

अध्यक्षांनी घड्याळात पाहिलं. कुणीतरी चहा सांगितला. दार उघडलं नाही. कांचन खुर्चीतून हलली नाही, तेव्हा तुम्ही दिवे बंद करून दुसऱ्या दारानं निघून गेलात.

यंदा तुमचे फलक लागलेत. स्पर्धक वाढलेत म्हणे. डोंगरातल्या पोरी अर्ज भरू राहिल्यात. गावांना तंबी दिलीय, रस्त्यावर तांब्या दिसता कामा नये. गोळीवाटपाला कोण येणार तेही ठरलंय.

गोळ्या केव्हा देणार, ते मात्र कुठंच लिहिलेलं नाही. कक्षात बसलेल्या माणसानं हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवायचा की ओरडणाऱ्या जोडीदारावर, तेही नाही. आणि टाकळदऱ्याला जाऊन त्या म्हाताऱ्या बाईसमोर उभं कोण राहणार, ते तर नाहीच.

कोण जाणार? नाव सांगा.